बोडीचा आडोसा

गोंदियात साड्यांच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा अल्काने घरात सगळ्यात आधी बाथरूम बांधलं. पंखासुद्धा नंतर आला. टिनाचं दार, आतून कडी, बाहेर पाण्याचा निळा ड्रम. शेजारच्या बाया येऊन पाहून गेल्या. "आता अल्की राणी झाली," म्हणाल्या, आणि बादल्या उचलून बोडीवर निघून गेल्या.

बोडी म्हणजे वस्तीमागचं लहानसं तळं. पुढे राइस मिलची भिंत, मागे बोडी, मधे वस्ती. नळ आहे, पण त्याची मर्जी. त्यामुळे धुणं, भांडी, आंघोळ सगळं बोडीवर. पुरुषांचा घाट रस्त्याच्या अंगाला आणि बायांचा पलीकडे, पाण्याकाठी माजणाऱ्या बेशरमीच्या दाट झुडपांमागे.

अल्का दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडते आणि गिऱ्हाईक गेलं की घड्या घालते. संध्याकाळी सहाला बुद्धविहाराच्या व्हरांड्यात वस्तीतल्या पोरांचा वर्ग घेते. त्याचा पगार नाही. शहरातली काही मुलं-मुली गणित-इंग्रजी शिकवायला येतात, त्यांना जमवून आणणारा लोकेंद्र. आमगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, विम्याची कामं करतो. अल्का त्याला लोकेंद्रभाऊ म्हणते, तो तिला ताई, वयाने ती लहान असूनही.

रविवारी वर्गाला 'पर्यावरण' असायचं. झाडं ओळखायची, चोरखमाऱ्याच्या तलावावर जाऊन पक्षी बघायचे. एकदा सगळे नागझिऱ्याला गेले. वाघ काही दिसला नाही. परत आल्यावर एका पोराने घरी सांगितलं, "माकडं पाहली. आपल्याच वस्तीतली वाटली."

मग लोकेंद्रने बोडी साफ करायचं काढलं. बेशरम पाण्यात घुसते, गाळ धरते, मासोळीला जागा ठेवत नाही, हे त्याने पोरांना नीट समजावून सांगितलं आणि ते खरंही होतं. दोन-तीन रविवार सगळे गुडघाभर चिखलात होते. अल्का साडी खोचून पुढे. तोडलेली फांदी जिथे पडते तिथेच रुजते, म्हणून मुळं खणून काढली, वाळवली, जाळली. वस्तीच्या एका पुढाऱ्याने चहा पाजला आणि त्या बदल्यात स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फ्लेक्स लावून घेतला. बोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसू लागली. पेपरात फोटो आला.

त्यानंतर वर्गातल्या पोरी कमी होऊ लागल्या.

आधी मोठ्या, मग त्यांच्या बहिणी. पोरं येत होती, पोरी नाही. अल्काला वाटलं, लग्नसराई असेल. पण दुर्गेश्वरी यायची थांबली तेव्हा तिला ते पटेना. दुर्गेश्वरी दहावीत, गणितात चलाख, आणि परीक्षा तोंडावर. नापास झाली तर घरचे सूप मांडीवर देऊन बिड्या वळायला बसवणार, हे ठरलेलं.

एका संध्याकाळी अल्का वर्ग मोठ्या पोरांवर सोपवून तिच्या घरी गेली. दारात तिची आजी सुखवंता काकी बिड्या वळत होती.

"दुर्गेश्वरी कुठं आहे काकी?"

"गेली बोडीवर. मायसंग."

"या टायमाले?"

काकीने मान वर केली नाही. पानावर तंबाखू पसरला, बोटांनी गुंडाळला. "मंग कोनत्या टायमाले जाइल? दिवसा तं तुमच्या पोट्ट्यांनं सारं मैदान करून ठेवलं."

अल्का उंबरठ्यावर बसली.

"झुडपं होती तं बाया भर दुपारी आंग धुवत होत्या," काकी म्हणाली. "आता अंधार पडाची वाट पाहा लागते. एक जन आंग धुते, एक लुगडं धरून उभी रायते, पोट्टी रस्त्यावर पहारा देते. तुयी हुशार दुर्गेश्वरी पहारेकरीन झाली, बाई."

"मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"कायले सांगाचं? तू का नागपूरवरून आली? इथलीच ना व. बेशरमीच्या फुलाचे डूल कानात घालून पान्यात बसून रायत होतीस, बाहेर निघत नव्हतीस. तुयी माय काठी घेऊन येत होती." आता कुठे काकीने वर पाहिलं. "बाथरूमवाली झाली, इसरली."

अल्काला ते जांभळे पोंगे आठवले. मुळं खणताना फुलं हातात आली होती, तरी आठवलं नव्हतं.

ती तशीच बोडीवर गेली. उजेड जेमतेम उरला होता. बांधावर दुर्गेश्वरी उभी, हातात दगड, कुत्र्यांसाठी आणि वेळ पडली तर माणसांसाठीही.

"ताई, तुमी?" ती दचकली. मग लगेच म्हणाली, "आल्याच हाय तं थांबा जरासाक. मी बी आंग धुऊन घेतो."

दगड अल्काच्या हातात देऊन ती खाली पळाली. थोड्या वेळाने एक सायकल आली. वर मिलमधला कामगार, ओळखीचाच.

"थांबा भाऊ," अल्का म्हणाली.

"का झालं?"

"बाया आहेत."

"पहिले नव्हत्या का?"

"पहिले झाडं होती."

त्याने एकदा बोडीकडे बघितलं, मान खाली घातली आणि सायकल वळवली. शिव्या देत गेला की मुकाट गेला, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तिने लोकेंद्रला फोन लावला. "भाऊ, बायांच्या घाटावर तट्टे लावायचे आहेत. बांबूचे. रविवारच्या आत."

"रविवारीच तर नागपूरच्या संस्थेचे पाहुणे येऊन राहिले ताई. साफ बोडी पाहायलाच. आणि तिथंच आपण तट्टा उभा करायचा?" तो थांबला. "त्यांना काम आवडलं तर वर्गाला खोली मिळते. पावसाळ्यात व्हरांड्यात कसं होते, तुम्हाला माहीत आहे."

"खोलीत बसवाल कोणाला?"

"म्हणजे?"

"पोरी येत नाहीत. अंधार पडला की आयांना पहारा देतात. आपण झुडपं तोडली म्हणून."

दुकानदाराने भुवया उंचावून अल्काकडे पाहिलं. तिने हातातल्या साडीची घडी घातल्यासारखं केलं.

"माझ्या तर ध्यानातच आलं नाही," लोकेंद्र म्हणाला.

"माझ्याही नाही. आणि मी तिथली आहे."

"बांबू मी गावावरून आणतो. आमच्या धानाच्या बांधीवर आहेत."

शनिवारी बांबू रोवले. तट्टे मात्र कमी पडले. एक मोठी फट तशीच राहिली, नेमकी रस्त्याकडच्या अंगाला. कोणीतरी पुढाऱ्याचा फ्लेक्स काढून आणला. मापात बसला. बाया बघायला जमल्या होत्या, त्यांनी एका सुरात नाही म्हटलं.

"काऊन? मजबूत आहे," लोकेंद्र म्हणाला.

"मजबूत आहे गा, पन तो हासून रायला ना आमच्याकडं," सुखवंता काकी म्हणाली. "याच्यापुढं आंग धुवाचं का आमी?"

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मग फ्लेक्स फिरवला. आता पुढारी रस्त्याकडे तोंड करून, हात जोडून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करू लागला. पुरुष त्या बाजूने आपोआप मान वळवून जाऊ लागले, हा फायदा कोणी धरला नव्हता.

रविवारी पाहुणे आले. बोडीचे फोटो काढले. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मधेच हे काय?"

लोकेंद्रने अल्काकडे पाहिलं. अल्काने जे झालं ते सांगितलं, झुडपांपासून. आपण तोडली, हेही. बाई तट्ट्याआड जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "दगड फार निसरडे आहेत तिथले." मग चहा झाला, गाडी गेली. खोलीचं अजून काही कळलेलं नाही.

सोमवारी सहाला व्हरांड्यात दुर्गेश्वरी आली, मागोमाग तिच्या दोन मैत्रिणी. केस धुतलेले, वाळलेले. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, त्रिकोणमिती पहिलेपासून घ्या. मले काई आठवत नाई."

"दगड आणला का सोबत?"

"आता कायले?"

तट्टा उन्हापावसात फार टिकणार नव्हता, म्हणून आतून मेंदीच्या काड्या लावल्या. पाणी कोण घालेल यावर वर्गात भांडण झालं. शेवटी ठरलं की आंघोळीला येणारी प्रत्येक जण जाताना एक लोटा टाकेल. बाया टाकतात. मेंदी आता कमरेला लागते. पुढाऱ्याचा एक कान वाऱ्याने फाटला आहे.

नागपूरला फोटो पाठवायची लोकेंद्रला घाई झाली आहे. परवा मोबाइल काढून मेंदीचा फोटो घ्यायला निघाला, तर सुखवंता काकीने घाटावरूनच अडवलं.

"थांब बापू. डोक्याएवढी होऊ दे. मंग बाहेरून काढ."