सर्बियन नावांची कपाळं

आमच्या घरात छापखाना होता की छापखान्यात घर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गोंदियाच्या बाजारात, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, पुढच्या खोलीत पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र, मधल्या खोलीत खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, पेट्या आणि मागे चूल. विडीची लेबलं, धानगिरण्यांच्या पावत्या आणि लग्नपत्रिका यांच्यावर आमचं चाले. मालक मी, खिळे जुळवणारा मी, आणि चूक सापडली की "जुळारी बदलायला हवा" असं गिऱ्हाइकाला गंभीर चेहऱ्याने सांगणाराही मीच.

लग्नपत्रिका छापून झाल्या की शेवटचा हात बायकोचा. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्याला ती हळदकुंकू लावी. आमची आत्या विधवा; ती कुंकवाला शिवत नसे. ती नुसत्या घड्या घाली. पण ढिगातली एखादी पत्रिका कोरडी राहिली, तर नेमकी तिलाच दिसे. "ओळीतलं एक कपाळ कोरडं ठेवू नये," असं म्हणून ती ती पत्रिका परत बायकोपुढे सरकवी.

महायुद्धाच्या दिवसांत आमच्याकडे एक भारी काम आलं. गावातल्या निवृत्त हेडमास्तरांनी शाळेच्या पोरांसाठी जगभरच्या विद्वानांचा एक छोटा इंग्रजी परिचयकोश लिहिला होता. त्यांची बरीच वर्षं त्यात गेली होती. माझं इंग्रजी म्हणाल तर खिळ्यांपुरतं. अक्षरं उलटी ओळखू येत, अर्थ सुलटा धरूनही लागत नसे. तरी काम घेतलं. आमच्याकडे येणाऱ्या कामाला नाही म्हणायची चाल नव्हती.

हेडमास्तरांचा एक बुद्धिबळाचा सोबती होता. मँगनीजच्या खाणीवरचा इंजिनियर, सर्बियाचा. इंग्रज नाही पण साहेब आहे, हे बाजाराला समजायला वेळ लागला. युद्धामुळे त्याच्या घरची पत्रं बंद झाली होती. एक दिवस तो छापखान्यातच हेडमास्तरांना भेटायला आला आणि बाकावर पडलेली प्रुफं चाळू लागला. चाळता चाळता थांबला. कोशात सर्बियाची तीन नावं होती, आणि त्यातलं एक वनस्पतींच्या अभ्यासकाचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गुरुजींचं.

"यांच्या अक्षरांवरची चिन्हं कुठे गेली?" त्याने विचारलं.

"इंग्रजी ग्रंथात तसा रिवाज नाही," हेडमास्तर म्हणाले.

साहेबाने पान उलटून एका फ्रेंच नावावर बोट ठेवलं. तिथे अक्षरावर तिरका फटकारा होता. "याला आहे."

"फ्रेंचांची गोष्ट वेगळी."

"का? फ्रेंच पाहुणा पगडी घालून आत यायचा, आणि माझ्या गुरुजींनी ती दारात काढून ठेवायची?"

हेडमास्तरांनी ते पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. मग साहेब हळूच म्हणाला, "पुढच्या बुधवारी मी जातोय. नोकरी संपली. मुंबईहून पुढे कुठे, मला माहीत नाही. घराची काही खबर नाही. हे एक नाव धड लिहिलेलं सोबत असतं, तर बरं वाटलं असतं."

हे सगळं हेडमास्तरांनी मला मराठीत सांगितलं आणि विचारलं, "बुधवारच्या गाडीआधी होईल का हो?"

"न व्हायला काय झालं!" मी म्हणालो. कसं होईल याची मला काडीची कल्पना नव्हती, पण ती कल्पना नसताना मी जास्त ठामपणे बोलतो.

साहेबाला हवी ती चिन्हं म्हणजे पाखराची चोच वर उघडावी तशी. तसे खिळे कलकत्त्याहून मागवायचे तर महिना जाणार. मी मराठी पेटीतला चंद्र काढून इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर बसवून पाहिला. साहेब म्हणाला, ही तर होडी झाली. मग एक लहान इंग्रजी अक्षर कानशीने घासून चोच केली. ती यंत्राच्या पहिल्याच दाबाला उडाली, शाईच्या रुळात जाऊन रुतली, आणि सगळ्या पानावर एक लांब काळा ओरखडा उमटला.

ओरखड्याकडे बघत बायको म्हणाली, "काऊन उगाच खिळे तोडून रायले जी? कोरं छापा. वरची चोच आम्ही काडीनं काढतो. पत्रिकेले लावत नाही का?"

मला हे सुचलं नव्हतं. पण थोडा वेळ विचारात पडल्यासारखं करून मी मान डोलावली, म्हणजे सुचत आलंच होतं असं वाटावं. साहेबाने तिन्ही नावांचा नमुना काढून दिला. मंगळवारी दुपारी खराट्याच्या काड्यांना टोक करून, वाटीत शाई घेऊन बायको बसली. आत्यानेही काडी उचलली. मी तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, "शाई हाय गा, कुंकू नोहे." मी समाधानाने आत जाऊन आडवा झालो.

उठलो तेव्हा प्रती वाळत घातल्या होत्या आणि दोघी हात धूत होत्या. मी एक उचलली. सर्बियाच्या नावांवर चोची होत्या. त्यांच्या वरच्या इंग्रजाच्या पहिल्या अक्षरावरही होती. खालच्या जर्मनावर होती. फ्रेंचाला फटकाऱ्यावर आणखी एक चोच मिळाली होती. अख्ख्या कोशात एक विद्वान सुटला नव्हता.

"आत्या, हे काय केलंत?"

"का केलं म्हंजे? तिघायलेच लावायचं? बाकीच्यायनं का घोडं मारलं?"

"अहो, हा इंग्रज आहे!"

"असंल," बायको म्हणाली. "ओळीत बसला हाय ना?"

बुधवारी सकाळी हेडमास्तर आले, प्रत उघडली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर खाली बसले. ते एकेक पान उलटत गेले, आणि दर पानाला मी एक पाऊल मागे सरकलो. पुन्हा छापायला वेळ नव्हता. शेवटी एक प्रत काखेत मारून आम्ही दोघे स्टेशनावर गेलो, मी त्यांच्या चार पावलं मागे.

साहेब ट्रंकेजवळ उभा होता. त्याने पुस्तक घेतलं, पान काढलं आणि गुरुजींच्या नावावर बोट ठेवलं. चोच बरोबर होती, बरोबर अक्षरावर होती. बायकोने नमुना मन लावून गिरवला होता. त्याने ते नाव तोंडातल्या तोंडात म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग त्याची नजर वर गेली, खाली गेली, आणि तो माझ्याकडे वळला.

"ये सबको क्यों?" त्याने खाणीवरच्या हिंदीत विचारलं.

"साहेब, घर की औरतों ने लगाया," मी घाम पुसत म्हणालो. "हमारे यहाँ लाइन में बैठे को छोड़ते नहीं."

तो असा हसला की शेजारच्या हमालाने डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. "मतलब मेरे गुरुजी अकेले नहीं बैठे!" डोळे पुसत त्याने पुस्तक ट्रंकेत नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. हेडमास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. गाडी नागपूरकडे निघाली.

परतताना हेडमास्तर माझ्या चार पावलं पुढेच चालत होते. घरी आल्यावर मी पुन्हा छापून देण्याचं बोलणार, तोच त्यांनी वरची प्रत उचलली आणि मुखपृष्ठ माझ्यापुढे धरलं.

"हे काय? माझंच नाव कोरडं?"

आत्या पदर सावरत बाहेर आली. "तुमी ओळीत कुठं होते गुरुजी? दारात उभे होते. बसा, आता लावतो."

हेडमास्तर पाटावर बसले. आत्याने काडी शाईत बुडवली. ते एकेक प्रत तिच्यापुढे सरकवत होते आणि फुंकर मारून वाळवत होते. तिसऱ्या-चौथ्या प्रतीला त्यांनी चष्मा वर केला.

"जरा मधोमध घ्या, आत्याबाई."