डॉमनिकने उजळलेला चेहरा

वसईला असताना डॉमनिकच्या हाताची ख्याती होती. लग्नासाठी दाखवायचा मुलीचा फोटो त्याच्या स्टुडिओत काढला, की चेहरा थोडा उजळच येई. कुणाला सांगावं लागत नसे. आधी बारीक ब्रशने, पुढे कॉम्प्युटरवर, तो ते मुकाट्याने करून टाकी. कॅनडात येऊन हॅमिल्टनच्या प्रिंटिंगच्या दुकानात लागल्याला पंधरा वर्षं झाली, तरी हाताची सवय गेली नव्हती.

२०१७च्या फेब्रुवारीत मर्लीन दुकानात आली. लहानपणी जमैकाहून आलेली, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, पन्नाशीची बाई. तिने स्वतःचीच तीन चित्रं रंगवली होती : वर्गात मान खाली घालून बसलेली काळी मुलगी, केस ताणून सरळ करून घेतलेली तरुणी, आणि आताची मर्लीन, पिकलेले कुरळे केस मोकळे सोडून थेट समोर बघणारी. शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये तिचं पहिलंच प्रदर्शन होतं. दारावर लावायला तिला तिसऱ्या चित्राचं पोस्टर हवं होतं.

गुरुवारी डॉमनिकने ते कौतुकाने उलगडून दाखवलं. मर्लीनने बराच वेळ पाहिलं.

"ही कोण?" तिने विचारलं.

प्रकाश कमी वाटला म्हणून थोडं साफ केलं, असं तो म्हणाला.

"हा रंग न लाजता रंगवायला मला पन्नास वर्षं लागली," ती आवाज न चढवता म्हणाली. "तुम्ही तो साफ केलात."

हे लावण्यापेक्षा दार कोरं राहिलेलं बरं, असं सांगून ती पोस्टर तिथेच सोडून गेली.

रात्री जेवताना डॉमनिकने बायकोला, आयव्हीला, सगळं सांगितलं. चांगलं करायला गेलो आणि वाईट ठरलो, हा त्याचा सूर. आयव्हीने भाताचा घास संपवला.

"आपल्या लग्नाच्या फोटोत नवरी कोण, असं माझ्या आईने विचारलेलं. आठवतं?"

तो हसला. ती हसली नाही.

"एकोणतीस वर्षं भिंतीवर दुसरीच बाई टांगलीय, डॉमनिक. आणि तिची धूळ मी पुसते."

शुक्रवारी तो दुकान उघडायच्या आधीच जाऊन बसला. मूळ स्कॅन समोर घेतला. गालाखालची निळसर सावली, कपाळावरचा गडद तपकिरी थर : परवा हे त्याला डाग वाटले होते. आता मोठं करून पाहिल्यावर कळलं, की तिथेच तिने सगळ्यात जास्त वेळा ब्रश फिरवला होता. त्याची बोटं दोनदा सवयीने पुढे गेली, दोनदा त्याने ती मागे घेतली.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने बाजूला करून दोघं लायब्ररीत गेली. नवं पोस्टर त्याने स्वतःच दारावर लावलं. मर्लीन बाहेर आली, दोन पावलं मागे सरून बघत राहिली.

"डावा कोपरा वर गेलाय," ती म्हणाली.

त्याने तो सरळ केला. मग तिने दोघांना आत नेलं.

तिसऱ्या चित्रासमोर आयव्ही बराच वेळ उभी होती. डॉमनिकने फोन काढला आणि तिला जरा वळायला सांगितलं.

"नंतर हात लावशील फोटोला," ती म्हणाली.

"नाही लावणार."

आयव्हीने क्षणभर त्याला पारखलं. मग पदर सारखा न करता ती तशीच वळली आणि तिने थेट समोर बघितलं.