मागच्या सीटवरचा मालक

गेवराईजवळ गोदावरीच्या कोरड्या पात्रात स्वतः गाडी चालवायची हौस होती, म्हणून मी एकाची जुनी जीप दिवसभर भाड्यानं घेतली. किल्ली देऊन मालक मागच्या सीटवर चढला.

"मला एकट्यालाच जायचंय," मी म्हणालो.

"जावा की. मी न्हाई बोलत."

खरंच तो बोलला नाही. जीप मऊ वाळूकडे वळली की नुसता टोपी घट्ट धरायचा. भर दुपारी चाकं रुतली. तासभर मी हातांनी वाळू उपसली. शेवटी ओरडलो, "अहो, काहीतरी सांगा!"

उतरून त्यानं चारी चाकांची हवा कमी केली आणि जीप अलगद बाहेर काढली.

"आधी का नाही बोललात?"

"तुमी एकटे आलते ना?"

मी त्याला शेजारी बसवलं. मग गेवराई येईपर्यंत तो क्षणभरही गप्प बसला नाही.