गोळीनं कार्ड जात नाही

पाचव्या दिवशीही सरजामायचा ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरसाहेब माझ्यावरच खेकसले. "सिस्टर, गोळ्या देताय की नुसत्या चार्टवर लिहिताय?"

माझं डोकंच फिरलं. १९६०च्या आसपासची गोष्ट. अकोल्याहून अमरावतीजवळच्या या म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स म्हणून येऊन मला दोन वर्षं झाली होती. चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या आणि मी एकटी, तरी डोस कधी चुकला नव्हता.

"चारी वेळा देते साहेब, माझ्या हातानं," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

सरजामाय हिवरखेडची. एकुलता एक मुलगा किसना तिला इथे सोडून गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. नडगीवरची जखम चिघळून तिचा पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. अशा जखमेला आम्ही आधी सल्फाच्या गोळ्या द्यायचो. जंतू मारणाऱ्या, स्वस्तातल्या. पेनिसिलिनचं इंजेक्शन जास्त जालीम, पण ते बेतानंच मिळायचं, म्हणून डॉक्टर हात आखडून वापरत. शिवाय आश्रमाचा नियम होता, इंजेक्शन सुरू झालं की पेशंट सिरियस धरायचा आणि घरी पोस्टकार्ड टाकायचं.

संध्याकाळी तिचं लुगडं बदलताना पदराची गाठ हाताला टणक लागली. सोडली, तर आत सल्फाच्या गोळ्या! अर्ध्या विरघळलेल्या, तंबाखूत माखलेल्या. बाई गोळी गालात धरायची आणि माझी पाठ वळली की बाहेर काढायची.

"काय वं माय हे! पाय कापा लागंन ना! मरायचं हाये का तुले?" रागावले की माझं वऱ्हाडी बाहेर पडतं.

"मरायचं कावून? मले त सुई पायजे."

"सुई? लोक भेतात सुईले!"

"गोळीनं कार्ड नाई जात, बाई. सुईनं जाते. त्या बाजूच्या खाटेवरल्या कौसल्येले सुई टोचली, त चार दिवसात तिचा पोरगा दारात." ती दाराकडे पाहत राहिली. "किसन्याले पाह्यल्याले लय दिस झाले वं. जीव लागून राह्यला."

मला पुढे रागवताच येईना. मीही माझ्या आईला सहा महिने पाहिलं नव्हतं. पण मला निदान सुट्टी मागता येत होती.

डॉक्टरांना सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून बसले. अर्धंमुर्धं औषध पोटात गेलं की जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. आता सल्फावर भरवसा नव्हता. "पेनिसिलिन सुरू करा," ते म्हणाले, "आणि कार्डही टाका."

रोज सकाळी मी सिरिंज उकळून सुई टोचायचे. बुढी हूं की चूं करायची नाही. उलट विचारायची, "कार्ड पोचलं असंन ना?"

नवव्या दिवशी किसना आला. तोवर ताप गेला होता आणि ती उठून बसली होती.

"बरी त हाये!" तो दारातूनच म्हणाला. "तिकडं कापूस येचनीले आला, अन् इकडून सिरियस म्हून कार्ड!"

मी तोंड उघडणार, तोच सरजामायनं हातानं मला गप्प केलं. ती त्याच्या मनगटावरून हात फिरवत होती. "वाळला रे बाप्पा," एवढंच म्हणाली. अर्ध्या तासात तो एसटीसाठी उठला. जाता जाता बोलला, "चांगली हो. मंग नेतो तुले घरी."

मी मॅनेजरशी भांडून नियम बदलून घेतला. आजारी असो नसो, दर महिन्याला प्रत्येकाच्या घरी एक कार्ड जाऊ लागलं.

उन्हाळ्यात सरजामायला लघवीचा संसर्ग झाला. पुन्हा गोळ्या आल्या. मी काही म्हणायच्या आत तिनं गोळी गिळली आणि आ करून जीभ वर उचलून दाखवली. "पाहा बाई, गेली. मी बिमार दिसली त नेनार नाई ना थो."

एकही गोळी तिनं चुकवली नाही. ती खडखडीत बरी झाली. किसनाला मी स्वतः कार्ड लिहिलं, 'आई पूर्ण बरी आहे, न्यायला यावे.' अशी तीन लिहिली. कोणी आलं नाही.

पेशंट गोळी का घेत नाही, हे विचारावं, इतकं मी तेव्हा शिकले. आणि तो का घेतो, हेही.