डॉलरकाका आणि नारिंगी यंत्र

समस्त मराठी जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की भारतात आलेला निम्मा परदेशी पैसा दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या जिन्याने वर चढला. आणणारे आमचे शेजारी डॉलरकाका. मंत्रालयात परदेशी गुंतवणुकीच्या फायली त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत. काकांच्या मते, कारखाने तेवढ्यानेच उभे राहत.

स्कूटरवर मागे बसवून त्यांनी मला गुरुग्रामपलीकडचं कारखान्यांचं मानेसर दाखवलं ते जमीनदाराच्या थाटात. "हा आपला. तो निळ्या पत्र्याचा, तोही आपलाच." कंपनीची बस दिसली की हॉर्न वाजवून सलामी. "बघ, किती पोरं पोटाला लावली मी!"

काकूंचा भाचा संदीप तिथेच, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या परदेशी कंपनीत वेल्डर होता, पण कंत्राटावर. त्याचं कांचनशी जमलं होतं, आणि तिचे वडील, कँटोन्मेंटमधले सुभेदार, एका शब्दावर अडून बसले होते: कायम.

"बाहेरून नवा पैसा येतोय, संदीप कायम झालाच समजा," काकांनी सुभेदारांना ठोकून दिलं. "विश्वकर्मा पूजेला कारखान्यात यंत्रं पुजतात, घरच्यांनाही आत सोडतात. स्वतः येऊन बघा!"

सुभेदार, कांचन, आम्ही सगळे गेलो. नवा पैसा समोरच उभा होता: नारिंगी, लांब हाताचा, गळ्यात झेंडूची माळ. त्या यंत्राने ठिणग्या उडवल्या आणि काकांचं भान हरपलं.

"पाहा सुभेदारसाहेब! अख्खी पाळी एकटं वेल्डिंग करतं! चहा नको, सुट्टी नको. माणूसच लागत नाही!"

"काका, बस ना यार!" संदीपने त्यांची बाही ओढली.

सुभेदारांनी यंत्राकडे पाहिलं, मग संदीपकडे. "मग ह्यांचं इथे काय काम?"

काकांनी घाईने प्रसाद पुढे केला. बुंदीचा लाडू काकांच्या हातातच राहिला. आता निवृत्त होऊन ते नाशिकला असतात. नव्या कारखान्याची बातमी फोनवर सांगितली, की आधी विचारतात, "माणसं किती घेणार?" ही सवय त्या दिवसापासूनची.

त्या दिवशी मात्र त्यांची सुटका केली कांचनने. ती गुरुग्रामला एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात होती, आणि वडिलांसमोर तिचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. आरती नुकतीच संपली होती. मॅनेजर, पंडितजी, कामगार, सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं:

"अहो बाबा, कायम नोकरी मला आहे ना? मग काढा की तारीख!"