सरकी राह्यली

आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात माझा एक विद्यार्थी संशोधन करतो. सेनगावकडचा, कापूसवाल्या घरचा. पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडून विजेच्या जोरावर केसाहून बारीक धागा ओढायचा, जखमेवरच्या पट्टीसाठी, हे त्याचं काम. धाग्यात कापसात राहिलेल्या बियांसारख्या गाठी दिसल्या की मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणतो, “सरकी राह्यली.” मग द्रावणात चिमूटभर मीठ घालतो; गाठी कमी होतात.

परवा त्यानं मिठाऐवजी साबणासारखं एक रसायन घातलं. एकही गाठ नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळा धागा कचऱ्यात.

“काहून टाकला रे?” मी चिडलोच.

“धागा सुरेख हाय, सर. पण जखमेला डोळे असतात व्हय?” म्हणत त्यानं बाही वर केली. मनगटावर पट्टीच्याच आकाराचा लाल चट्टा उठला होता.