गेरूचा सत्तावीस

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुळशीतल्या त्या गावाबद्दल कोणी विचारलं, की कौलारू घरं वाढली, गडी मुंबईच्या गिरण्यांत गेले, मनिऑर्डरी येऊ लागल्या, एवढं सांगून मी थांबायचो. ते खोटं नव्हतं. अपुरं होतं.

एकोणीसशे साठच्या सुमारास मी तिथे शाळामास्तर होतो. जनगणनेआधी घरांवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं. गेरूचा डबा घेऊन दारोदार फिरलो. छप्पर गवताचं की कौलाचं, माणसं किती, पोट कशावर, सगळं वहीत लिहिलं. खालचं गाव चार दिवसांत झालं. डोंगरावरच्या धनगरवाड्याची सात घरं राहिली. चढण दीड तासाची.

पाटील ओसरीवर चहा देत म्हणाले, "वर काय हाय गुर्जी? गोठं हायेत नुसतं. कशाला पाय मोडून घेता?"

मी लिहिलं, 'सात गोठे, वस्ती नाही.' वही पौडला, तालुक्याच्या कचेरीत, पोचती केली.

महिन्याभराने वाड्यावरची एक बाई लोणी विकायला खाली आली आणि शाळेच्या दारात थांबली.

"गुर्जी, वर कवा येताय? कुडावर आकडा टिकायचा न्हाई म्हून फळ्या ठोकल्यात आमी. रोज कुनीतरी घरी ऱ्हातंय, तुमी याल म्हून."

दुसऱ्या दिवशी चढलो. खरं सांगायलाच निघालो होतो. वर गुरं आणि माणसं एकाच छपराखाली होती, मध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड. सातही दारांपाशी कोऱ्या फळ्या. त्यांनी ताक दिलं. मी ते प्यालो आणि सुचतील ते आकडे लिहिले. तिच्या फळीवर सत्तावीस.

चार-पाच वर्षांनी पिण्याच्या विहिरी द्यायचं ठरलं. वाड्यावरच्या बायका उन्हाळ्यात अर्धा डोंगर उतरून झऱ्यावर यायच्या. विहिरीची जागा ठरवायला तालुक्याचे साहेब चावडीत आले तेव्हा त्यांच्या यादीत वर वस्तीच नव्हती. ती बाई फळी डोक्यावर घेऊन आली.

"ह्यो बगा आकडा. गुर्जींनी सोता लिवलाय."

साहेबांनी पानं उलटली. "सत्तावीस? हा तर पाटलांचा गोठा."

"काय गं," पाटील म्हणाले, "गोठा पळवलास व्हय माझा? मग आता शेनबी काढ!"

चावडी हसली. मी साहेबांच्या शेजारीच बसलो होतो. मीही हसलो.

विहीर पाटलांच्या आळीत झाली.

त्या दिवशी बाहेर ती माझ्यासाठी थांबली होती. "चूक माजीच, गुर्जी. पावसानं आकडा पुसायचा, म्हून दर दिवाळीला गिरवत व्हते. मला लिवता कुटं येतंय? बिघडला आसंल माज्या हातनं. तुमाला चारचौघांत खाली बघाय लागलं. राग धरू नका."

फळीवर सत्तावीसच होता, मी लिहिला तसाच.

"असू द्या," मी म्हणालो, "होतं असं."

ती फळी घेऊन चढणीला लागली. पुढे दोन उन्हाळ्यांनी वाडा पाण्यासाठी उठला. कुठे गेला, ते कुठल्याच वहीत नाही.

मला म्हणायचं होतं ते एवढंच: मावशी, आकडा तुम्ही बिघडवला नाही. मी तुम्हाला मोजलंच नव्हतं. मला माफ करा.